सतरा नंबरची चकती

७ ऑगस्ट

मॅडम,

पत्र पोचलं. चार वर्षांनी पोटच्या पोरीचं पत्र, त्यात एक ओळ ‘कशी आहेस’ आणि बाकी अडीच पानं सतरा नंबरची चकती. ती एक ओळही गाळली असतीस तरी चाललं असतं.

फोन का केला नाहीस ते सांगायला नको. तुझा आवाज आला की मी ठेवून देते. पत्र असं ठेवून देता येत नाही, हातात आलं की वाचलं जातं. एवढं डोकं तुला बापाकडून आलं. तोही जाताना चिठ्ठीच ठेवून गेला होता, तोंडाने बोलला नव्हता.

मी आहे तशीच आहे. तीच खोली, तेच गळकं बेसिन, पॉलिशची तीच दोन फिरती चाकं. सव्वीस वर्षं होतील आता. उजवा अंगठा सकाळी वाकत नाही, गरम पाण्यात बुडवला की नऊपर्यंत वळायला लागतो. नव्या पोरी येतात आणि आठवड्यात पळतात. परवा एकीने विचारलं, “बाई, हे सगळं मशीनने नाही का होत?” म्हटलं, “होतं की. मशीन तुझ्यासमोर उभी आहे.” हसली नाही. बरीच शिकलेली होती.

वर ‘मॅडम’ वाचून कपाळाला आठ्या पडल्या असतील. अगं, तूच शिकवलंस. संस्थेत तुझा पहिला दिवस, जिन्यात मला गाठलंस आणि म्हणालीस, “इथे मला नावाने हाक मारू नकोस, आई. मीही तुला आई म्हणणार नाही. उगाच लोक म्हणतील वशिल्याने आली.” पॉलिशवालीचा वशिला! मी तेव्हा हसले होते. मग एका घरातून निघून दोघी वेगवेगळ्या बसने जायचो. दोन वर्षं मी स्वतःच्या पोरीला मॅडम म्हटलं आणि तू मला ‘त्या पॉलिशवाल्या बाई’. निरोपाच्या दिवशी सगळ्यांचे आभार मानलेस, चहावाल्याचेसुद्धा, आणि शेवटी म्हणालीस ‘पॉलिश विभाग’. विभाग मागे खुर्च्या लावत होता.

आता विभागाकडून तुला काय पाहिजे? तुझ्या तिकडच्या तीन चकत्या, धातूचे ते घासलेले आरसे, प्लाझ्माच्या डब्यातून दुधाळ होऊन निघाल्या. शंभर उजेड टाकला की छप्पन्न परत यायचा, तो आता एकतीसच येतो. आणि इथली सतरा नंबरची मात्र चाळीस तास मार खाऊन लखलखीत निघाली होती. तर मी तिला पॉलिश कसं केलं, कुठला कागद, कुठली पेस्ट, किती वेळ, हे सगळं ‘आठवून सविस्तर’ कळवावं.

बघते आठवतंय का. वय झालं.

पॉलिशवाली


२९ ऑगस्ट

मॅडम,

महिन्याच्या आत दुसरं पत्र! एवढी तर तू शाळेच्या सहलीवरूनही कधी आठवण काढली नव्हतीस.

सतरा ऑक्टोबरला मोठ्या माणसांसमोर चाचणी, ती पार पडली की तुझी नोकरी कायम, आणि तुझ्या पद्धतीचे तीस आरसे प्लाझ्माच्या त्या मोठ्या यंत्रात बसणार. छान. बाहेरून बघता येत नाही म्हणून आत आरसे लावायचे, आणि एकदा लावले की तिथे कुणाचा हात पोचत नाही. म्हणजे आंधळे झाले तर झाले. म्हणून तुझी झोप उडालीय. उडू दे, इतकी वर्षं चांगली झोपलीस.

घे, लिहून घे. पाण्याचा घासकागद, आधी चारशेचा, मग आठशे, मग बाराशे, मग दोन हजार. दर कागदाला चकती काटकोनात फिरवायची, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे आडवे दिसतात. ते सगळे गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग हिऱ्याची पेस्ट. सहाची, तीनची, एकची, प्रत्येकीला आपापलं कापड. मधे कोपरापर्यंत हात धुवायचे. सहाचा एक कण एकच्या कापडावर गेला की अख्खी दुपार पाण्यात. शेवटी स्पिरिटने धुवायची आणि वाऱ्याने वाळवायची. पुसायची नाही.

झालं. सतराला मी वेगळं काही केलं नाही. सोळालाही हेच केलं होतं, पंधरालाही हेच, आणि त्या दोन्ही डब्यातून दुधाळ निघाल्या, तुझ्या वहीत आहे. सतराची करामत तुझ्या भट्टीची, असंच छापलंस ना तू? चकती अमुक इतकी तापवली, तमुक इतकी गार केली की आतले दाणे सगळे एका दिशेला तोंड करतात, मग आयनांनी कितीही ठोकलं तरी ती आरशासारखीच राहते. मग भट्टीला विचार. मला कशाला पत्र?

हे दाण्यांचं प्रकरण मला तू कधी सांगितलं नाहीस. मला सांगितलं ते संस्थेतल्या पंपवाल्याने. त्याचं नाव काढलेलं तुला आवडायचं नाही, म्हणून काढते. जेवायच्या सुट्टीत चकती उजेडात धरून म्हणाला होता, “बाई, धातू म्हणजे मिठाचे खडे एकमेकांना चिकटवून केलेली भिंत समजा. मी डब्यातली हवा काढून घेतो, चिमूटभर वायू सोडतो, वीज देतो. वायू जांभळा होऊन पेटतो, तो प्लाझ्मा. त्यातले आयन येऊन चकतीवर आपटतात आणि धातू उडवतात. पण एक खडा भराभर झिजतो, शेजारचा हळूहळू, कारण दोघांची तोंडं दोन दिशांना. चाळीस तासांनी सगळ्या पायऱ्या पायऱ्या होतात. मग उजेड सरळ परत येत नाही, चारी बाजूंना सांडतो.”

“म्हणजे माझं महिन्याचं काम तुम्ही दोन दिवसांत खाता.”

“मी नाही हो, प्लाझ्मा खातो.”

“त्याला सांगा, जरा चावून खा म्हणावं.”

दोघं पोट धरून हसलो होतो. त्या खोलीत मला माणूस म्हणून बोलणारा तो एकटा.

आणि त्याच माणसाने सतरा नंबर डब्यातून काढली, वजन केलं, डबीत ठेवली आणि नंतर लखलखीत चकती बघून म्हणाला, “ही मी काढली तेव्हा दुधाळ होती.” तर तू सगळ्यांसमोर काय म्हणालीस? “यांच्या तोंडाला वास येतोय. यांना नीट दिसत तरी होतं का?” अगं, वास स्पिरिटचा होता. डबा पुसायचं स्पिरिट. त्या मजल्यावर तो सगळ्यांनाच यायचा, मला यायचा, तुलाही यायचा. पण मोठ्या साहेबांना कारण पाहिजे होतं. पंधरा दिवसांत त्याला काढला.

मी तेव्हा आत कापड बदलत होते. कापड बदलायला पाच मिनिटं लागतात. त्या दिवशी अर्धा तास लागला.

आता तो बाजाराच्या टोकाला टायरच्या दुकानात आहे. जन्मभर हवा काढली, आता भरतोय.

पॉलिश विभाग


२० सप्टेंबर

बाळ,

पाकीट फोडलं तर तिकीटच बाहेर पडलं. आधी वाटलं कुणाचं दुसऱ्याचंच माझ्याकडे आलं. मग माझं नाव वाचलं.

महिनाभर ये म्हणतेस. “आई, झालं गेलं विसरू. तुला माझं घर बघायचं नाही का?” हे तूच लिहिलंस ना? अक्षर तुझंच आहे, मी तीनदा बघितलं.

मी काय लिहू. मागची दोन पत्रं मी जरा तिखट लिहिली. राग आला की माझ्या हाताला लगाम नसतो, तुला माहीत आहे. फाडून टाक ती.

रजा मागायला गेले तर लेखनिक म्हणाला, “बाई, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सलग महिना मागताय, कुणाचं लग्नबिग्न आहे का?” म्हटलं, “मुलीकडे चाललेय.” तो म्हणाला, “तुम्हाला मुलगी आहे?” मी म्हटलं, “आहे. मोठी शास्त्रज्ञ आहे.” तोंडातून निघून गेलं. तुझं नाव नाही घेतलं, घाबरू नकोस.

नवी बॅग घेतली, चाकांची. घरातल्या घरात ओढून बघितली, शेजारीण म्हणाली, काय दळण चाललंय सकाळपासून. एक जाड स्वेटर घेतलाय स्वतःला. तुझ्यासाठी विणायला घेतलाय तो अर्धाच झालाय, अंगठा साथ देत नाही, तिकडे येऊन पुरा करीन. तुला अजून गळ्याशी टोचतं का लोकरीचं? आतून मऊ कापड लावीन.

काय काय आणू ते कळव. तू आता फोन केलास तरी चालेल. मी उचलीन.

आई


४ ऑक्टोबर

काय आणायचं ते कळलं. पत्र दोनदा वाचलं.

सहाची, तीनची, एकची पेस्ट आणते. कापडंही. शुक्रवारी सकाळी सहाला चकती डब्यातून निघेल आणि आठपर्यंत माझ्याकडे राहील, समजलं. कुणी विचारलं तर सफाईला आलेय म्हणून सांगायचं, तेही समजलं.

बॅगेतलं महिन्याचं सामान काढून ठेवलं. चार दिवसांचे कपडे पुरतील.

फोन करू नकोस.


१७ ऑक्टोबर, शुक्रवार

चकतीवरचं फडकं सोडायच्या आधी हे वाच. घाई करू नकोस, माणसं अकराला यायची आहेत.

बरंचसं गाडीत लिहिलंय म्हणून अक्षर हललंय. शेवटचं तुमच्या पॉलिशच्या खोलीत बसून लिहिते. खोली चांगली आहे. नळाला गरम पाणी येतं, अंगठा लगेच वाकला.

परवा स्टेशनवर आलीस. मला जवळ घेतलंस आणि माझ्या खांद्यावरून बॅगेकडे बघत विचारलंस, “पेस्ट आणलीस ना?” घरी गेल्यावर म्हणालीस, “आई, हात बघू तुझा.” मी दिला. वाटलं, दुखतो का विचारशील. तू एकेक बोट वाकवून बघितलंस, जनावराचे दात बघतात तसं, आणि म्हणालीस, “होईल दोन तासांचं काम.” आज पहाटे इथे आणून सोडलंस, केराची बादली हातात दिलीस आणि बाहेरून दार ओढून घेतलंस. बादली कोपऱ्यात ठेवलीय. केर बराच होता, तोही काढला.

आता तुझ्या त्या पत्रातली ओळ. मला पाठ झालीय. ‘दुसऱ्या वेळी केलंस तसंच कर, पण या वेळी कमी घास. मागच्या वेळी चाळीस मिलिग्रॅम जास्तीचे गेले होते, वजन जुळवताना माझ्या नाकी नऊ आले.’

दुसऱ्या वेळेचं मी कुणाला सांगितलं होतं गं? जिवंत माणसाला नाही.

तर ऐक, आता तुझ्यासमोर कबूल करायला लाज कसली. त्या सकाळी सतरा नंबरची डबी पॉलिशच्या खोलीबाहेरच्या फळीवर होती. तू मोजायला नऊला यायचीस. मी उघडून बघितली. दुधाळ. पंधरासारखी, सोळासारखी, सगळ्यांसारखी. आदल्या दिवशी मोठे साहेब तुला सांगत होते, “ही शेवटची चकती. ही गेली की गुंडाळा आणि घरी जा.” दाराची काच फुटकी होती, सगळं ऐकू यायचं. मी डबी आत घेतली, चाळीस मिनिटं घासली, धुतली, वाळवली, परत ठेवली. मळ वाटला म्हणून घासली, असं म्हणता आलं असतं. कुणी विचारलं असतं तर म्हटलंही असतं, अडाणी बाई, तिला काय कळतंय. पण मळलेला धातू आणि झिजलेला धातू मला डोळे मिटून बोटाने कळतो. मला पक्कं ठाऊक होतं मी काय करतेय.

आणि तुझ्या मायेने केलं असंही समजू नकोस. तू हरून घरी बसली असतीस. माझ्यासमोर, रोज, तोंड फुगवून, ताटात मान घालून. मला ते बघायचं नव्हतं. मला तू जायला हवी होतीस. जा बाई, मोठी हो, पण माझ्या डोळ्यांसमोरून जा. तुझी आई अशी आहे, आता ठाऊक असू दे.

पण एक गोष्ट मी चार वर्षं धरून बसले होते. मला वाटायचं, पोरीला यातलं काही माहीत नाही. तिला खरंच वाटतंय की भट्टीने काम केलं आणि पंपवाला खोटं बोलतोय. म्हणजे माझ्या हाताने मी तिला फसवली. म्हणून फोन ठेवत होते. राग होता, पण रागाने ठेवत नव्हते. भीती वाटायची, तुझा आवाज थोडा जास्त वेळ ऐकला तर सगळं बोलून टाकीन आणि तू तिकडे मोडून पडशील.

आणि तू त्याच सकाळी तराजूवर चकती ठेवून आकडा बघितला होतास. चाळीस मिलिग्रॅम जास्तीचे. म्हणजे आयनांनी नेले ते वेगळे, कुणीतरी पुन्हा घासलंय. पुन्हा घासणारं त्या इमारतीत दुसरं कोण होतं? तुला तिथल्या तिथे कळलं. तू वहीत दुसरा आकडा लिहिलास, बाहेर गेलीस, आणि शुद्धीवरच्या माणसाच्या तोंडाला वास लावलास. कारण खरं वजन त्यालाही माहीत होतं.

मी चोरी केली. तू दरोडा घातलास आणि मला चार वर्षं पहाऱ्याला बसवलंस.

तुझं ते पत्र वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोठ्या साहेबांकडे गेले. उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

“बाई, तुमच्या रिटायरमेंटला किती राहिली?”

“चार वर्षं.”

“मग शांतपणे काढा ना. ते छापून झालंय. त्यावर संस्थेचं नाव आहे, माझं नाव आहे. तुम्हाला त्यातलं काय कळतं?”

“पॉलिश कळतं, साहेब.”

“मग पॉलिश करा.”

झालं. तिथून टायरच्या दुकानात गेले. तो चाकापाशी उकिडवा बसला होता. मान वर न करता म्हणाला, “मागचं का पुढचं?”

“माझ्याकडे गाडी नाही.”

तेव्हा बघितलं. “पॉलिशवाल्या बाई! आता काय घासायला आलात?”

“तुमचं खरं होतं. चकती दुधाळच होती. मी पुन्हा घासली.”

“मला ठाऊक आहे की.” नळी काढली, टोपण लावलं, चाकाला एक थाप मारली. “हे सांगायला दोन बस बदलून आलात?”

“तुम्हाला ठाऊक होतं तर माझं नाव का नाही घेतलंत?”

“घेतलं असतं तर तुमची नोकरी गेली असती. एकीची तरी राहू दे म्हटलं. आणि मला वाटलं तुम्ही स्वतःहून बाहेर याल. आत्ता येतील, आत्ता येतील. दाराकडे बघत उभा होतो मी.”

मग पुढे म्हणाला, “नोकरीचं जाऊ द्या. बायको अजून विचारते, त्या दिवशी तुम्ही खरंच घेऊन गेला होता का. भांडण नाही, काही नाही. भाजी चिरता चिरता विचारते. मी थेंबाला शिवलेलो नाही जन्मात, आणि ती माझ्या शर्टाचा वास घेऊन मग धुवायला टाकते. चार वर्षं.”

म्हटलं, चला, मी सांगते त्यांना. गेलो घरी. बाई नीटनेटकी आहे, पाणी दिलं, खुर्ची दिली, माझं सगळं ऐकलं. मग म्हणाली, “तुम्ही यांच्या बाजूच्या. तुम्ही असंच सांगणार. ज्या मॅडम तसं म्हणाल्या त्या शिकलेल्या होत्या, त्या कशाला खोटं बोलतील?”

बघ, तुझ्या शिक्षणाचा कसा दबदबा आहे.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “जाऊ द्या, बाई. जिने म्हटलं तिनेच परत घेतलं तर ठीक. बाकी कुणाचं चालायचं नाही इथे.” आणि गेला, दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं.

म्हणून आले मी. तुझं घर बघायला नाही. चांगलं आहे घर.

आता तुझं काम. चकती सहाला हातात आली. दुधाळ, जशी व्हायची तशीच. तुझ्या भट्टीने काही केलेलं नाही, तुलाही ते ठाऊक आहे. मी मधोमध चिकटपट्टी लावली, कड नखाने दाबून घेतली, आणि एका बाजूला काम केलं. सहाची, तीनची, एकची. घाई केली नाही, शेवटी स्पिरिटने धुतली, मग पट्टी काढली. आता फडकं सोड. अर्धी चकती प्लाझ्माने ठेवली तशी आहे, अर्धी माझ्या हाताने. मधे रेघ आहे, दोऱ्यासारखी सरळ. सव्वीस वर्षांत इतकं चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं. ज्याला डोळे आहेत त्याला एक अक्षर न वाचता कळेल मार खाल्लेला आरसा कसा दिसतो आणि पुन्हा घासलेला कसा दिसतो.

उरलेली बाजू घासायला बसू नकोस. पेस्ट आणि कापडं मी घेऊन चाललेय. इथलं सामान वापरलंस तरी तुझा हात मला माहीत आहे, ओरखडे पाडशील आणि रेघ आणखी उठून दिसेल. दुसरी चकती डब्यात घालायची तर चाळीस तास लागतात. तुझ्याकडे तीन आहेत, त्यातलाही थोडा वेळ हे वाचण्यात गेला.

अकराला चकती त्यांच्यासमोर ठेव. कुठल्या बाजूला काय झालं ते सांग, सतरा नंबरचं सांग, पुन्हा घासणाऱ्या बाईचं सांग, हवं तर सगळं तिच्या डोक्यावर फोड. फक्त वजनाचा आकडा तू बदललास आणि तो माणूस शुद्धीत होता, हे दोन तुझ्या तोंडाने बोल. नोकरी जाईल. जाऊ दे. लोक जगतात नोकरीशिवाय, टायरात हवा भरून जगतात.

नाहीतर चकती खिडकीतून फेकून दे आणि पडली म्हण. तेही जमेल तुला. मग ते तीस आरसे बसवतील, सहा महिन्यांत आंधळे होतील, आणि या वेळी सांगायला बाहेर येईल असं कुणी आतल्या खोलीत नसेल.

तू काय करशील ते मला माहीत नाही, आणि थांबून बघायचंही नाही. माझी गाडी साडेनऊची आहे. लोकरीचं काम उसवून टाकलं, तिकडे एकीला बाळ झालंय, तिला टोपडं होईल.

मला पत्र पाठवू नकोस, मी फोडणार नाही. लिहायचंच असेल तर त्याच्या बायकोला लिही. सोपं लिही, ती माझ्याएवढीच शिकलेली आहे. पत्ता मागच्या बाजूला आहे.